किल्ली न फिरवता

आपल्याकडे 'पेट्रोल पंप' म्हणतात. 'डिझेल पंप' असे कोणी म्हणत नाही. महामार्गावर ज्या ठिकाणी दिवसभर मालमोटारी रांग लावून डिझेल भरतात आणि पेट्रोलसाठी एखादी दुचाकी क्वचितच वळते, त्या जागेलाही पेट्रोल पंपच म्हणतात. भाषेने ह्या खनिज तेलांमध्ये फारसा भेद केलेला नाही. 'पेट्रोलियम'चा अर्थ खडकातले तेल. इंग्रजीतल्या 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने पेट्रोल आणि रॉकेल ही सख्खी भावंडेच ठरतात. (त्याच रॉकेलला घासलेट म्हणतात ते 'गॅसलाइट'वरून, असे मानतात.) डिझेल मात्र ह्या घरातले नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. भाषेला चालणारी ही सरमिसळ मोटारीच्या टाकीला चालत नाही, आणि ती झाली तर काय करावे ह्याविषयी हा लेख आहे.

खरे तर ह्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एका वाक्यात संपते. डिझेलवर चालणाऱ्या मोटारीत पेट्रोल भरले गेले असेल, तर किल्ली फिरवू नये. टाकीत गेलेले चुकीचे इंधन टाकीत आहे तोवर निरुपद्रवी असते. ते एका बंद डब्यात पडून आहे, एवढेच. नुकसान सुरू होते ते इंजिन सुरू झाल्यावर. म्हणजे चूक आणि नुकसान ह्या दोहोंमध्ये काही मिनिटांची एक फट असते, आणि ह्या फटीत काय घडते त्यावर पुढचा खर्च काही हजारांत आटोपणार की लाखाच्या पुढे जाणार, हे ठरते. अडचण एवढीच की, नेमक्या त्याच मिनिटांत भोवतालच्या सर्वांना तुम्ही किल्ली फिरवावी असे वाटत असते. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात, पंपावरच्या माणसांना रांग पुढे सरकवायची असते, आणि आपल्यालाही गाडी निदान 'चालू करून बाजूला' घ्यावीशी वाटते. माझ्या मते ह्या विषयात समजून घेण्याजोगे जे काही आहे ते ह्या फटीतच आहे.

त्याआधी थोडे यंत्राविषयी. निकोलाउस ऑटो ह्याने १८७६ साली चार ठोक्यांचे जे इंजिन यशस्वी केले, त्याचे वंशज म्हणजे आजची पेट्रोलची इंजिने. त्यांत हवा आणि इंधन ह्यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटवले जाते. ठिणगी पडण्याआधी ते आपोआप पेटता कामा नये. म्हणून दाब सोसूनही शांत राहणे हा पेट्रोलचा मोठा गुण समजला जातो, आणि ऑक्टेन अंकाने तो मोजतात. रूडॉल्फ डिझेलने ह्याच्या उलट वाट धरली. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालवून दाखवलेल्या त्याच्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी (हे आपले बोलण्यापुरते), आणि त्या तापल्या हवेत इंधनाचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. इथे इंधन जितके उतावळे तितके चांगले, आणि हा उतावळेपणा सिटेन अंकाने मोजतात. आपल्याकडच्या डिझेलचा सिटेन अंक किमान ५१ असावा लागतो. थोडक्यात, एका इंजिनात जो सद्गुण तोच दुसऱ्यात दुर्गुण. (१९००च्या पॅरिस प्रदर्शनात ह्या जातीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. त्याच शेंगदाण्याच्या तेलाने भरलेली पळी एखाद्या स्कूटरच्या टाकीत ओतून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये.)

परंतु डिझेलच्या मोटारीचे पेट्रोलने जे खरे नुकसान होते, त्याचा जळण्याशी संबंध कमी आणि घसरण्याशी अधिक आहे. डिझेल हे इंधन आहे तसे वंगणही आहे. बोटांत धरून चोळले तर ते तेलकट लागते, हात धुतला तरी वास जात नाही. पेट्रोलचा थेंब बोटावर गार लागतो आणि उडून जातो. इंजिनाला इंधन पुरवणारा जो उच्च दाबाचा पंप असतो, त्यातले पोलादी भाग एकमेकांवर घासतात ते मधल्या डिझेलच्या पातळ थरावर. 'कॉमन रेल' पद्धतीच्या इंजिनांत हा दाब दीड हजार बारच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असतो. तुलनेसाठी सांगायचे तर मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. अशा दाबाखाली वंगण काढून घेऊन त्याजागी पेट्रोल दिले की पोलाद पोलादाला खाऊ लागते. त्याचा जो बारीक कीस निघतो तो पुढे रेलमध्ये, तिथून इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांत, आणि उरलेला परतीच्या नळीतून पुन्हा टाकीत जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या, सगळेच उतरवावे लागते. लाखाच्या पुढचा आकडा येतो तो इथे.

म्हणून 'किल्ली फिरवू नये' ह्याचा अर्थ नेमका घ्यावा. बहुतेक मोटारींच्या टाकीतच एक विजेवर चालणारा छोटा पंप असतो आणि इंजिन सुरू होण्याआधीच, किल्ली दिवे लागण्याच्या खाचेपर्यंत आली की, तो इंधन पुढे ढकलू लागतो. तेव्हा काच खाली घेण्यासाठी किंवा रेडिओसाठीही किल्ली तिथवर नेऊ नये. स्टिअरिंगचे कुलूप काढण्यापुरती पहिली खाच चालते. गाडी न्यूट्रलमध्ये घालून ढकलत बाजूला न्यावी. वीज गेल्यासारखे स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, हे आधीच ठाऊक असलेले बरे. मग गाडी ओढून किंवा लादून गॅरेजात. तिथे टाकी पूर्ण रिकामी करणे, थोड्या चांगल्या डिझेलने ती विसळणे, फिल्टर बदलणे, नळ्यांतली हवा काढणे, एवढ्यावर काम भागते. गाडी थोडी चालली असेल तर फिल्टर कापून त्यात धातूची चमक दिसते का, ते पाहायला सांगावे. पाणी आणि तेल वेगळे होतात तसे पेट्रोल आणि डिझेल होत नाहीत; ते एकमेकांत पूर्ण विरघळतात. त्यामुळे 'खालचे खालचे काढून टाकू' ह्या सल्ल्यात काही अर्थ नाही.

उलट प्रकार, म्हणजे पेट्रोलच्या मोटारीत डिझेल, तुलनेने सौम्य. गाडी अडखळते, पांढरा धूर ओकते, ठिणगीचे प्लग काजळतात आणि ती बंद पडते. काम तेच, टाकी रिकामी करणे. मात्र रेटून चालवली तर धुरकांड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. आणि एक नवा प्रकार आता आला आहे. २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ हे निकष लागू झाले, आणि काही मोठ्या डिझेल मोटारींना डिझेलच्या झाकणाशेजारी आणखी एक निळे झाकण आले. त्यात युरियाचे पाणी घालायचे असते, साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते धुरावर फवारले जाते. हे पाणी डिझेलच्या टाकीत गेले तर पेट्रोलाहून वाईट, कारण ते डिझेलमध्ये विरघळत तर नाहीच, शिवाय सुकले की त्याचे खडे होतात. नियम मात्र तोच. किल्ली नाही.

इतके सगळे कुठल्याही माहितीपुस्तकात मिळेल. आता त्या फटीविषयी.

२०१६च्या फेब्रुवारीत मी आणि बाबा पुण्याहून कोल्हापूरला मावशीच्या पंच्याहत्तरीला निघालो होतो. गाडी डिझेलची होती, २०१२ साली घेतलेली. त्या काळी पेट्रोलचे दर २०१०मध्येच नियंत्रणमुक्त झालेले आणि डिझेलचे व्हायचे बाकी (ते २०१४च्या ऑक्टोबरात झाले). दोहोंत लिटरमागे वीस रुपयांहून अधिक अंतर होते, आणि ज्यांचा प्रवास फार नाही अशांनीही हिशेब मांडमांडून डिझेलच्या गाड्या घेतल्या. आमचे घर त्यांतलेच. सातारा यायच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. पंधराशेचे डिझेल, असे मी सांगितले, पैसे दिले, आकडा शून्यावर असल्याचे पाहिले. भरणारा मुलगा विशीच्या आतबाहेरचा असेल. त्याने नोझल जागेवर लावले, झाकण फिरवले, आणि वरची पत्र्याची झडप लावताना तिच्या आतल्या बाजूला चिकटवलेला 'डिझेल' हा शब्द त्याला दिसला.

तो दोन पावले पुढे येऊन म्हणाला, "ताई, थांबा. चालू करू नका. माझ्याकडून पेट्रोल गेलं."

बाबा एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. सारे आयुष्य डिझेलच्या वासात गेलेले. ते खाली उतरलेसुद्धा नाहीत. "किल्ली काढून माझ्याजवळ दे," एवढेच म्हणाले, आणि ती त्यांनी खिशात टाकली. पुढच्या तासाभरात जे झाले त्यात मला ह्या एका हालचालीचे मोल सर्वांत अधिक वाटते.

मागे तीन गाड्या होत्या. पंपाचे व्यवस्थापक आले. ते अतिशय नम्रपणे बोलत होते आणि अतिशय चुकीचे सांगत होते. "काही होत नाही, ताई. वरून डिझेल टाकून टाकी फुल्ल करून घ्या, पैसे देऊ नका. मिक्स होऊन जाईल. ट्रकवाले कायम असं करतात." टाकीत आधीचे दहाएक लिटर डिझेल होते, त्यावर बावीस-तेवीस लिटर पेट्रोल पडलेले. त्या टाकीत वरून बसले असते ते डिझेल आणखी दहा लिटरच. म्हणजे निम्म्याहून अधिक पेट्रोल. ट्रकवाले कायम असे करत नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण व्यवस्थापक खोटे बोलत होते असेही मला म्हणवत नाही. त्यांच्या सल्ल्याला एक वंशावळ होती.

ती बाबांनी नंतर सांगितली. जुन्या डिझेल इंजिनांना थोडे पेट्रोल किंवा रॉकेल खपत असे. थंड मुलखात डिझेल गोठून त्यात मेण धरू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल वा रॉकेल मिसळावे, असे काही युरोपीय मोटारींच्या जुन्या पुस्तिकांत कंपन्यांनीच छापलेले असे. आपल्या जुन्या बसगाड्यांचे 'मायको' पंप ओळीने पिस्टन असलेले, अवजड, त्यांचा खालचा भाग इंजिन ऑइलमध्ये भिजलेला. नोझल साधारण दोनशे बारला उघडायचे. अशा यंत्राला पाच-दहा टक्क्यांची भेसळ पचे. थोडे धडधडायचे आणि पुढे जायचे. ते ज्ञान खरे होते, परंतु त्याचे यंत्र गेले आणि ज्ञान मागे राहिले. दीड हजार बारच्या पंपाला ते लावणे म्हणजे आजोबांच्या चष्म्याने वाचायला बसण्यासारखे आहे. गॅरेजात, स्वयंपाकघरात आणि साहित्यसमीक्षेतही असे यंत्र गेलेले ज्ञान पुष्कळ भेटते. असो.

गाडी ढकलून हवा भरायच्या कोपऱ्यात नेली. तिथे व्यवस्थापकांनी दुसरा उपाय काढला. रबरी नळी आणा, हा पोरगा तोंडाने ओढून काढील. मुलगा नळी आणायला निघालाही. ह्यावर मात्र बाबांचा आवाज चढला. तोंडाने पेट्रोल ओढताना घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला जी सूज येते तिच्याने माणूस दगावू शकतो. आणि पंपाच्या आवारात उघड्या बादलीत पेट्रोल काढणे म्हणजे काय, हे पंप चालवणाऱ्याला सांगायची पाळी यावी हेच विशेष. (शिवाय आजकालच्या टाकीत नळी खालवर उतरतही नाही.) "तू इथं बस," असे त्या मुलाला सांगून बाबांनी त्याला जवळ बसवून घेतले. मी तीन किलोमीटरवरच्या एका गॅरेजला फोन लावला.

बसलेल्या जागेवरून त्या मुलाकडे पाहताना मला आठवत होते ते परदेशातले पंप. ब्रिटनमध्ये इंधन आपले आपण भरायचे असते. चूक झाली तर ती ज्याची त्याची; चिडायचे तर आरशात पाहून. युरोपीय संघाने २०१८च्या ऑक्टोबरपासून पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौकोन आणि वायूसाठी तिरका चौकोन अशा खुणा नोझलवर आणि नव्या मोटारींच्या झाकणावर सक्तीच्या केल्या आहेत. एका देशातून दुसऱ्यात गेले की भाषा आणि रंग बदलतात, आकार बदलत नाहीत, हा त्यामागचा विचार मला फार आवडतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने मात्र १९४९पासून ग्राहकाला स्वतः इंधन भरायची मनाई केलेली आहे, त्यामुळे एडिसनला राहणाऱ्या मराठी माणसाला ह्या बाबतीत पुण्यातल्यासारखेच वाटत असावे. जिथे दुसरा माणूस भरतो तिथे चुकीला एक चेहरा असतो. त्या चेहऱ्याला घरी नेण्याचा पगार असतो. आपली गाडी वाचावी म्हणून आपल्याला ज्या एका गोष्टीची गरज असते, ती म्हणजे त्याने पहिल्याच मिनिटाला तोंड उघडणे. आणि तोंड उघडण्यात तोटा असलेला सबंध आवारात तो एकटाच असतो.

तो गप्प बसला असता तर? मी किल्ली फिरवली असती. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी मजेत सुरू झाली असती, किलोमीटरभर व्यवस्थित धावली असती, आणि साताऱ्याच्या अलीकडे कुठेतरी धक्के देत थांबली असती. कुठल्या पंपावर काय भरले हे सिद्ध करायला माझ्या हाती एक चिठ्ठी, तीही कदाचित नुसत्या रकमेची. त्याला हे सगळे माहीत नसेल असे मला वाटत नाही.

व्यवस्थापक परत आले आणि त्यांनी सौजन्याची परमावधी केली. "खर्चाची काळजी करू नका. ह्याच्या पगारातून कापून घेतो." मुलाने मान खाली घातली. ह्या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा पेट्रोलचाही आला नव्हता.

बाबांनी तक्रारवही मागितली. ती पंपावर ठेवावीच लागते आणि मागितल्यास द्यावी लागते, हे वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तशीच शुद्धता तपासायचा फिल्टर पेपर आणि पाच लिटरचे माप हीही. आता बापलेकीत वाद झाला. माझे म्हणणे, घडले ते तपशिलाने लिहावे. बाबांचे म्हणणे, मुलाचे नाव लिहिले तर उद्या त्याची नोकरी जाईल, आणि त्याच्या जागी जो येईल तो हे पाहून गप्प बसायला शिकलेला असेल. मी म्हणाले, न लिहिले तर मालक सुटतो. अखेर बाबांनी जे लिहिले ते मला आजही उत्तम तांत्रिक गद्य वाटते. एकाच यंत्रावर पेट्रोल आणि डिझेलची नोझले शेजारी शेजारी आहेत, दोहोंवरची रबरी आवरणे काळीच आहेत, दिवा त्या बाजूला बंद आहे, आणि एका माणसाला तीन यंत्रे सांभाळावी लागतात. ह्यामुळे अमुक वाजता आमच्या डिझेल वाहनात पेट्रोल भरले गेले. कर्मचाऱ्याने ते स्वतः तत्काळ सांगितल्यामुळे इंजिनाचे नुकसान टळले. दुरुस्तीचा खर्च पंपाने द्यावा, कर्मचाऱ्याकडून वसूल करू नये. खाली सही, वाहन क्रमांक आणि वेळ. व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचले.

हे भावनेच्या भरात लिहिलेले नव्हते. बाबा कार्यशाळेतली एक हकीकत सांगत. एका मदतनिसाच्या ध्यानात आले की आपण एक बोल्ट हाताने लावला, पान्याने आवळला नाही, आणि गाडी तर बाहेर काढायला नेली. तो फाटकापर्यंत पळत गेला आणि गाडी अडवली. त्यावर त्याला मेमो द्यायचा की नाही, ह्यावर दोन दिवस चर्चा चालली होती. बाबा न देण्याच्या बाजूचे होते. काय ठरले ते त्यांनी कधी सांगितले नाही.

चुकीने गेलेले इंधन आणि जाणूनबुजून घातलेले इंधन ह्यांत मोटारीच्या दृष्टीने काही फरक नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की वंगण तसेच पातळ होते, पोलाद तसेच झिजते, फक्त सावकाश. शिधावाटपाच्या रॉकेलला निळा रंग देतात तो ते ओळखू यावे म्हणून. ते डिझेलहून फार स्वस्त होते, आणि ह्या स्वस्ताईवर एक सबंध धंदा उभा होता. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरी येथे २००५ साली मंजुनाथ षण्मुगम ह्या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याचा खून झाला, तो भेसळीच्या पंपावर कारवाई केली म्हणून. आणि आपल्याकडे, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांना दिवसाढवळ्या जाळून मारण्यात आले. इंधनाची चोरी आणि भेसळ चालल्याच्या संशयावरून ते रस्त्यात थांबले होते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. ह्या घटना मी इथे आणते ते विषय गंभीर करावा म्हणून नव्हे. पंपावर उभे राहून 'माझ्याकडून पेट्रोल गेलं' असे म्हणणाऱ्या मुलाचे वाक्य कोणत्या धंद्यात उच्चारले गेले, त्याची कल्पना यावी म्हणून. भेसळीत हे वाक्य कोणीही, कधीही उच्चारत नाही.

व्यवहाराचे दोन शब्द. पावती घ्यावी, आणि तिच्यावर इंधनाचा प्रकार छापलेला आहे ना ते पाहावे. नसेल तर लिहून सही घ्यावी. यंत्रावरचा आकडा पुसला जाण्याआधी त्याचे छायाचित्र काढावे. दुसऱ्याने चुकीचे इंधन भरणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तिची दाद मागता येते. विम्यावर फार विसंबू नये. नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते. मात्र रस्त्यावरच्या मदतीचे जे जादा कलम घेतात, त्यात कधीकधी गाडी ओढून नेण्याचा आणि टाकी रिकामी करण्याचा अंतर्भाव असतो. घरी जाऊन आपापली पॉलिसी वाचावी. मीही तेव्हा वाचली, आणि तिचे गद्य बाबांच्या गद्यापुढे फारच दुबळे वाटले.

गॅरेजची जीप आली. दोर बांधला. आमच्या गाडीत चाकामागे गॅरेजचा माणूस बसला आणि त्याला बाबांनी किल्ली दिली ती पहिल्या खाचेची शपथ घालून. जाताना तो मुलगा मला म्हणाला, "काकांना सांगा, थँक्यू." मी म्हणाले, तूच सांग. तो काही बोलला नाही, पण जीपमागून रस्त्यापर्यंत हात धरून गाडी ढकलत आला. दोर बांधलेला होता, ढकलायची काही गरज नव्हती.

टाकी रिकामी करायला मागचे आसन उचलावे लागले. त्याखाली गोल झाकण, त्यात पंप. अंधार पडला होता. गॅरेजवाल्याने आधी स्टोव्ह बंद केला, बिडी ओढणाऱ्या दोघांना रस्त्यापलीकडे पाठवले, बॅटरीची तार काढली आणि मग झाकण उघडले. मला तो माणूस तिथेच आवडला. तीसेक लिटर इंधन निघाले. दोन निळ्या कॅनांत ते भरले. बल्बच्या उजेडात त्याचा रंग पेट्रोलचा दिसे आणि वास दोहोंचा येई. पाच लिटर डिझेल घालून टाकी विसळली, तेही काढले. फिल्टर नवा. बिल चार हजार दोनशे झाले. व्यवस्थापकांनी माणसाबरोबर अडीच हजार पाठवले होते. बाकीचे आम्ही दिले. ते अडीच हजार पुढे कोणाच्या खात्यावर पडले हे विचारायला मी महिन्याभराने त्या पंपावर थांबले होते. मुलगा तिथे नव्हता. "ड्यूटी बदलली," असे सांगण्यात आले. त्यावर विश्वास ठेवावा की नाही ते मला ठरवता आलेले नाही. नोझलांवर मात्र आता हिरवी आणि निळी अशी वेगवेगळी आवरणे होती.

राहिले ते दोन कॅन. ह्या मिश्रणाचे करायचे काय, हा प्रश्न त्या रात्री कोणालाच सुटला नाही. ते पेट्रोलच्या गाडीत चालत नाही, डिझेलच्या चालत नाही, गटारात ओतायचे नाही, स्टोव्हमध्ये तर मुळीच नाही; पेट्रोल मिसळलेले कोणतेही तेल स्टोव्हमध्ये म्हणजे स्फोटच. गॅरेजवाला म्हणाला, ठेवतो मागच्या पत्र्याच्या खोलीत, टाकाऊ तेल नेणारा येतो त्याला विचारीन. बाबांनी त्याच्याकडे खडू मागितला. निळ्या प्लॅस्टिकवर खडू उमटेना. मग पांढऱ्या रंगाचा डबा शोधला, काडीला चिंधी गुंडाळली, आणि दोन्ही कॅनांवर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'पेट्रोल + डिझेल. कशातही घालू नये.' खाली तारीख टाकली. रंग वाळेपर्यंत ते तिथेच थांबले.